घरी गाडीची कामं करून पैसे खरंच वाचतात का? तुमच्या ९,३८१ रुपयांच्या बिलावरूनच सांगतो

तुमचं सर्व्हिसचं बिल मी दोनदा वाचलं. २०१६ ची वॅगनआर, पेट्रोल, ६२ हजार किलोमीटर झालेली, रोज आंबेगाव ते हिंजवडी, आणि तुम्ही विचारलंय की सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः कुठली कामं करता येतील, टूल कुठले घ्यायचे, पैसे किती वाचतील, आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय की सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी अर्धा मिनिट मिसिंग करते, म्हणजे इंजिन अडखळत चालतं. मिसिंगचं शेवटी घेतो कारण ते तुम्ही या रविवारी स्वतः करून बघण्यासारखं आहे.

मी १९९९ पासून याच कामात आहे, आयटीआय करून नऊ वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काढली आणि त्यानंतर धायरीत स्वतःचं छोटं गॅरेज, म्हणजे बिल लिहिणारा पण मीच होतो आणि आता लोक दुसरीकडची बिलं घेऊन येतात ती वाचून दाखवणारा पण मीच.

तर तुमचं बिल. ऑइल आणि फिल्टर १,९००, एअर फिल्टर ३४०, वायपर ८२०, एसी डिसइन्फेक्शन ९५०, इंजिन फ्लश (आतून धुणं) ४२०, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग ८९०, अलाइनमेंट बॅलन्सिंग ९८०, लेबर १,६५०. बेरीज ७,९५० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. आता यातल्या मधल्या तीन ओळी बघा, डिसइन्फेक्शन, फ्लश आणि थ्रॉटल. त्यांचे २,२६०, जीएसटी धरून २,६६७ रुपये. या तिन्हीपैकी एकाचीही तक्रार तुम्ही गाडी देताना लिहून दिली नव्हती, जॉबकार्डवर तुमची तक्रार फक्त "सकाळी मिसिंग" एवढीच आहे आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्या मिसिंगसाठी काय केलं हे बिलात कुठंच नाही. इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढून बघितल्याची नोंद पण नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की सगळ्यात जास्त पैसे पान्यानं वाचत नाहीत, गाडी ओळखल्यानं वाचतात. ज्याला आपल्या गाडीचं ऑइल किती आहे, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) किती आहे, एअर फिल्टर कसा दिसतोय हे माहीत असतं तो काउंटरवर उभा राहून "हे नको" म्हणू शकतो, आणि ज्याला माहीत नसतं तो सही करून येतो. आम्ही वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा ॲडव्हायजर लोकांना, म्हणजे काउंटरवर कामं लिहून घेणाऱ्यांना, महिन्याचं टार्गेट असायचं, प्रत्येक गाडीमागं अमुक इतकी जादाची कामं आलीच पाहिजेत असं, आणि ती पोरं वाईट नव्हती पण टार्गेट होतं. जो माणूस बॉनेट उघडून प्रश्न विचारायचा त्याच्या बिलात ती कामं जायची नाहीत, हे मी नऊ वर्षं डोळ्यानं बघितलंय.

इंजिन फ्लशचं सांगतो. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनला फ्लश लागत नाही, ऑइलमध्येच डिटर्जंट असतात ते आतली घाण धरून ठेवतात, म्हणून तर ऑइल काळं पडतं. आणि ज्या इंजिनात वर्षानुवर्षं ऑइल बदललेलं नाही, आत गाळ साचलाय, तिथं फ्लश टाकला की तो गाळ सुटून खाली ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो आणि मग प्रेशर जातं. म्हणजे चांगल्या इंजिनला गरज नाही आणि खराब इंजिनला धोका. थ्रॉटल बॉडी साफ करावी लागते, नाही असं नाही, पण आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली होत असेल किंवा सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर, दर दहा हजाराला नाही. एसीला वास येत असेल तर आधी केबिन फिल्टर बघायचा आणि एक सवय लावायची, घर यायच्या तीन चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता फॅन चालू ठेवायचा, आतला कूलिंग कॉइल कोरडा होतो आणि वास धरत नाही. याला एक रुपया लागत नाही.

आता कामं. माझा साधा नियम आहे, गाडीच्या वरून होतं ते घरी करा, गाडीखाली शिरावं लागतं ते गॅरेजला द्या. हा नियम मी पैशासाठी करत नाही. २००१ साली मी शिकाऊ असताना रस्त्याच्या कडेला एका गाडीचं मागचं चाक खोलत होतो, हँडब्रेक ओढलेला होता म्हणून आम्ही निर्धास्त. पण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो, मागची बाजू उचलली की जमिनीवर राहिलेली पुढची चाकं मोकळीच, आणि गाडी न्यूट्रलमध्ये होती. ती पुढं सरकली, जॅक आडवा झाला आणि माझ्याबरोबरच्या पोराचा हात खाली सापडला. दोन बोटं मोडली, तीन महिने घरी होता. तेव्हापासून जॅकवरच्या गाडीखाली मी डोकं काय, हात पण घालत नाही. डिकीत मिळतो तो जॅक फक्त चाक बदलायला आहे. पंक्चर झालं तर सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक, उरलेल्या चाकांना पुढून मागून दगड, नट आधी जमिनीवर असतानाच ढिले करायचे आणि मग उचलायची, आणि काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या खाली आडवी सरकवून ठेवायची, जॅक गेलाच तर गाडी त्यावर बसते.

त्यामुळं ऑइल चेंज घरी करू का, याचं माझं उत्तर, निदान पहिली दोन वर्षं तरी नको. यूट्यूबवर सगळे तिथूनच सुरुवात करतात हे मला माहितीय. पण हिशोब करा. तुमच्या गाडीला साधारण तीन लिटर ऑइल लागतं, ते तुम्ही आणा नाहीतर मी आणू, किंमत जवळपास तीच. फिल्टर तोच. वाचते ती फक्त त्या कामाची मजुरी, आणि बाहेरच्या छोट्या गॅरेजला ती काही शेकड्यातच असते. त्यासाठी तुम्हाला दोन चांगले जॅक स्टँड, ट्रॉली जॅक, फिल्टरचा पाना, ऑइल काढायचा ट्रे, एवढं सगळं घ्यावं लागणार. ड्रेन बोल्ट जास्त आवळला तर ऑइलच्या चेंबरचे आटे जातात, कमी आवळला तर कात्रजच्या बोगद्यात पोचेपर्यंत ऑइल रस्त्यावर. आणि निघालेलं तीन लिटर काळं ऑइल ठेवणार कुठं? पार्किंगच्या ड्रेनेजमध्ये ओतलेलं मी बघितलंय, आणि ते ओढ्यानं सरळ मुठेला जातं, हे कृपा करून कोणी करू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला नेऊन द्या, आम्ही ते जुनं ऑइल उचलणाऱ्यांना देतो.

आणि दुसरं म्हणजे गाडी लिफ्टवर गेली की जाणता माणूस खालून बघतो. ब्रेक पॅड किती राहिलेत, बुश फाटलेत का, ॲक्सलचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) रबर बूट चिरलंय का, कुठून ओलं आहे. वर्षातून एकदा हे बघणं ऑइलपेक्षा महत्त्वाचं आहे आणि ते ऑइल चेंजच्या पैशात होऊन जातं. त्या वेळी तुम्ही शेजारी उभे राहा, बघू द्या म्हणा, जो गॅरेजवाला बघू देत नाही त्याच्याकडं परत जाऊ नका.

घरी काय करायचं मग? सगळ्यात आधी रविवारची दहा मिनिटं. सकाळी, गाडी थंड, सपाट जागेवर. डिपस्टिक काढा, पुसा, परत पूर्ण घाला, परत काढा, दोन खुणांच्या मधे ऑइल पाहिजे. काळं असलं तर घाबरू नका, काळं होणारच. चहाकॉफीसारखं दुधाळ दिसलं तर मात्र स्टार्ट मारू नका, ऑइलमध्ये पाणी गेलंय. वरच्या खुणेच्या वर पण भरायचं नाही, जास्त ऑइल पण इंजिनला त्रास देतं. मग कूलंटची पांढरी टाकी, लो आणि फुलच्या मधे लेव्हल पाहिजे, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढच्या महिन्याच्या फोटोशी जुळवा.

हे फोटोचं मी उगाच सांगत नाही. माझ्याकडं नऱ्ह्याचे एक काका येतात, त्यांच्या गाडीचं कूलंट महिन्याला थोडं थोडं उतरत होतं, ते आपलं घरचं पाणी भरत राहिले, दोन तीन वेळा भरलं, कोणाला सांगितलं नाही. खाली एक रबरी पाइप क्लिपपाशी चिरलेला होता, तीनशे साडेतीनशे रुपयांचा पाइप. मे महिन्यात खंबाटकी चढताना तो फुटला, काटा लालमध्ये गेला, आणि घाट संपेपर्यंत थांबायला जागा नाही म्हणून त्यांनी तशीच दामटली. हेड (इंजिनाचा वरचा भाग) बेंड झालं, त्याखालचं गॅस्केट गेलं, हेड सरफेसिंगला पाठवलं, सगळं मिळून सत्तावीस हजार. त्या टाकीकडं महिन्यातून एकदा नीट बघितलं असतं तर साडेतीनशेत भागलं असतं. काटा वर गेला की एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत प्रेशरनं उकळतं पाणी असतं, तोंड भाजलेली माणसं मी बघितलीत. आणि घरचं पाणी भरायचं नाही, आपल्याकडं धायरी, नऱ्हे, वाघोली सगळीकडं बोअर आणि टँकरचं जड पाणी, बादलीला कसा पांढरा थर धरतो बघा, तोच थर रेडिएटरच्या आत धरतो. तयार मिक्स केलेलं कूलंट आणा किंवा कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं निम्मं.

ब्रेक ऑइलची छोटी टाकी पण बघायची पण इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पॅड झिजत गेले की ब्रेक ऑइलची लेव्हल हळूहळू आपोआप खाली येते कारण पिस्टन बाहेर येऊन तिथं ऑइल भरतं. म्हणून लेव्हल थोडी खाली दिसली की लगेच ओतायचं नाही, आधी पॅड बघायचे. ओतून ठेवलं आणि पुढच्या महिन्यात नवे पॅड टाकले की पिस्टन मागं ढकलताना ते वरून सांडतं आणि ब्रेक ऑइल कलर खातं. एकदम खाली गेली असेल तर लीक आहे, गाडी चालवू नका.

टायरमध्ये पैसे जातात हे कोणाला जाणवत नाही. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतं त्यावरून घ्यायचा, पंक्चरवाला विचारतो "तीस बत्तीस टाकू का" त्यावरून नाही. हवा थंड टायरमध्ये बघायची, हिंजवडीहून आल्या आल्या बघितली तर जास्तच दाखवणार. स्वतःचा गेज घ्या, बाकी पेट्रोल पंपावर हवा फुकट असते, पंपाला ती द्यावीच लागते. नायट्रोजनला वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवताय, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच बाजू झिजली तर अलाइनमेंट. तुमच्या बिलातले अलाइनमेंटचे ९८० मी बरोबर धरतो कारण तुम्ही पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड गेली म्हणालात. खोबणीत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर राहिलं, तिथं टायर संपला, पावसाळ्यात तर त्याच्या बऱ्याच आधी बदला. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेलमध्ये टायर घेताना हे आकडे बघून मगच पैसे द्या.

स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून चाकामागं टॉर्च मारायचा, आतलं घडीघडीचं रबर बूट दिसतं. त्याच्या आसपास काळं ग्रीस उडालेलं दिसलं की बूट फाटलाय. आत्ता बदलला तर बूट आणि ग्रीसचा खर्च, नाहीतर आत माती जाऊन जॉइंट कटकट वाजायला लागतो आणि मग अख्खा ॲक्सल. जॅक न लावता दिसतं हे, पाच मिनिटांचं काम, आणि माझ्या मते सगळ्या बघण्यात जास्त पैसे वाचवणारं हेच.

हातानं बदलायच्या गोष्टी सोप्या आहेत. एअर फिल्टरच्या डब्याला क्लिपा असतात, उघडायचं, जुना काढायचा, डब्यातली धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, नवा बसवायचा, रबराची कड नीट बसली का बघायचं कारण तिथून धूळ गेली तर पिस्टन घासतो. मधे साफ करायचा असेल तर हवा आतून बाहेर मारायची, बाहेरून मारली तर माती अजून आत. तुमच्या रस्त्यावर बायपासला कायम काहीतरी खोदलेलं असतं तेव्हा पुस्तकातल्या आकड्याच्या आधीच बघत जा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो, बाण बघून त्याच दिशेनं घालायचा. वायपर मे अखेर बदलायचे, पाऊस लागल्यावर नाही, जुन्या ब्लेडची लांबी मोजून न्या, दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असू शकते, आणि ब्लेड काढल्यावर काचेवर जाड फडकं ठेवा, नुसता दांडा सटकून काचेवर आपटला तर काच जाते. हेडलाइटचा बल्ब बदलताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तिथं तापून लवकर उडतो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा, सारखा उडत असेल तर मोठा घालायचा नाही, वायर जळते.

बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी हिरवी भुकटी आली की गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह, कारण पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी. एक मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दाखवलं तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) ठीक. कितीतरी लोक नवी बॅटरी टाकून येतात आणि आठवड्यात परत गाडी बंद, कारण बिघाड अल्टरनेटरमध्ये होता.

सामान नाना पेठेतून आणा. जुन्या पार्टवरचा नंबर किंवा फोटो, मॉडेल आणि साल बरोबर न्या, दोन तीन दुकानं विचारा. फिल्टर, प्लग, ऑइल यात डुप्लिकेट येतं म्हणून अगदीच स्वस्त कोणी देत असेल तर मागं फिरा आणि पक्कं बिल घ्या. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधला, तुमच्या गाडीला ५डब्ल्यू-३० चालतं, "जुनी झाली गाडी, घट्ट ऑइल टाका" हे ऐकू नका. आणि रिकाम्या कॅनला भोक पाडून मग टाका, चांगले कॅन भंगारातून जाऊन परत भरून येतात. टूल बोहरी आळीत, आठ ते एकोणीसचा गोटी (सॉकेट) पान्याचा सेट, प्लगची गोटी, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, गेज, मल्टीमीटर, टॉर्च, बास. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुने पाने मिळतात, त्यात चांगल्या लोखंडाचे निघतात, पण तोंड पसरलेला पाना घेऊ नका, नटाची डोकी गोल करतो आणि मग तो नट काढायला वेल्डर लागतो.

हात लावायचाच नाही अशा गोष्टी म्हणजे ब्रेक, स्टेअरिंग, पेट्रोलची लाइन, एसीचा गॅस, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, आणि पुढं कधी सीएनजी बसवलीत तर त्याचं काहीही. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) असते ती चुकवू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी गॅरेजमध्ये बदलून घ्या, यात कंजुषी नको. ते हवेतला ओलावा ओढतं, डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण ओलावा धरल्यावर तोच आकडा १५५ पर्यंत येतो. ताम्हिणी किंवा वरंध्याला चार जण आणि सामान घेऊन सारखा ब्रेक दाबत उतरलात की तेवढं तापू शकतं, वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. घाट गिअरवर उतरायचा ते यासाठीच.

पावसाचं एक सांगायलाच पाहिजे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, त्यातल्या काही पुढच्या आठवड्यात माझ्याकडं आल्या. ज्यांनी पाणी उतरल्यावर "बघू चालू होतीय का" म्हणून सेल्फ मारला त्यांची इंजिनं गेली, सिलिंडरमधलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी हात न लावता टो करून आणली त्यांची बरीचशी प्लग काढून, पाणी बाहेर काढून, सगळी ऑइलं बदलून वाचली. पाण्यात गेलेल्या गाडीला चावी लावायची नाही, जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि आहे तशी उचलून न्यायची. साध्या विम्यात असं सेल्फ मारून गेलेलं इंजिन सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, पुढच्या रिन्यूअलला विचारा.

तुमची गाडी वॉरंटीबाहेर आहे म्हणून हे सगळं मोकळेपणानं सांगितलं. कोणाची नवी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत सर्व्हिस तिथंच करा, बिलं जपा. स्पेअर पार्ट बाहेर मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावला होता, प्रकरण पुढं अपिलात गेलं, पण वॉरंटीच्या वादात काउंटरवर तुमच्या कामाला येतात ती बिलंच.

आता मिसिंग. सकाळीच होतं आणि गरम झाल्यावर जातं, म्हणजे मी आधी प्लग बघेन. तुमच्या हिस्टरीत प्लग बदलल्याचं कुठंच नाही आणि ६२ हजार म्हणजे साध्या प्लगला फार झालं. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) असला तर आधी लावून कोड बघा, कुठला सिलिंडर मिस होतोय ते बऱ्याचदा दाखवतो. आणि बॉनेट उघडलंच आहे तर उंदरांनी वायर कुरतडलीय का ते पण बघा, पुण्यात पार्किंगमधल्या गाड्यांना हा त्रास भयंकर आहे, लेंड्या किंवा कापसाचे बोळे दिसले तर वायरी एकेक करून तपासा. लोक तंबाखूची पानं ठेवतात, वास उडाला की उंदीर परत येतात, त्यापेक्षा गाडी रोज हलवणं आणि आत खायचं काही न सांडणं जास्त उपयोगी.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी असलेली. तीन सिलिंडर, तीन प्लग. कॉइलचा (प्रत्येक प्लगच्या वर बसून त्याला करंट देते ती) कनेक्टर लॉक दाबून हळू काढा, दहा वर्षांत प्लास्टिक कडक होतं, ओढलं तर तुटतं. दहा नंबरचा बोल्ट काढून कॉइल सरळ वर उचला. कॉइल निघाली की लगेच प्लग खोलायचा नाही, आधी त्या खड्ड्यात हवा मारून माती उडवा, नाहीतर प्लग निघताना ती सिलिंडरमध्ये पडते. प्लगला बहुतेक सोळाची गोटी लागेल. एका वेळी एकच प्लग काढा, कॉइल एकमेकांत बदलू नका. नवा प्लग हातानं, म्हणजे गोटीला नुसता एक्स्टेन्शन लावून बोटांनी फिरवत बसवायचा, पाच सहा वेढे सहज गेले पाहिजेत. मधेच अडकला तर जोर लावू नका, बाहेर काढून परत सरळ धरा. गेल्या दिवाळीत एक जण माझ्याकडं आला, त्यानं तिरका बसलेला प्लग रॅचेटनं दाबून आवळला होता, हेड ॲल्युमिनियमचं, आटे गेले, इन्सर्ट टाकावा लागला आणि वाचवायला गेलेल्याच्या दसपट गेले. नवा प्लग बोटांनी टेकला की रॅचेटनं साधारण अर्धा वेढा, वॉशर दबतो, तिथं थांबा. गॅप (प्लगच्या टोकातली फट) आणि प्लगचा नंबर मॅन्युअलमधलाच.

काढलेले तिन्ही प्लग पुसू नका, एक दोन तीन असे ओळीनं कागदावर ठेवून फोटो काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर ठीक, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी फार थोड्या अंतरावरच चालते, तुमच्या रोजच्या अंतराला ती यायला नको, एकदम पांढरं म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा तापतंय. नवे प्लग टाकून मिसिंग गेलं तर पुढच्या सर्व्हिसला ती तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून न्या. नाही गेलं आणि प्लगच्या खड्ड्यातच तेल साचलेलं दिसलं, तर वरच्या कव्हरचं गॅस्केट पाझरतंय आणि कॉइल त्या तेलात भिजतीय. आणि प्लगचं आतलं टोकच ओलं तेलकट असेल तर ते रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं असू शकतं, तिथं घरी काही उघडू नका, तो प्लग न पुसता कागदात गुंडाळा, कुठल्या सिलिंडरचा तो नंबर वर लिहा आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करून देणाऱ्या गॅरेजमध्ये गाडीबरोबर तो प्लग पण घेऊन जा.